मागून येणारा आवाज

१ सप्टेंबर, सकाळी ६.५०

नवी वही. जुनीत संकल्पच इतके झाले की लिहायला जागा उरली नाही.

परिस्थिती: ट्रकच्या मागून आवाज येतो. ऊंऊंऊं. चाळीसला सुरू होतो, साठला वाढतो, ऐंशीला आई डोळे मिटून घेते.

दोन आठवड्यांपूर्वी मागचे दोन टायर नवे टाकले. एक नंबर. जाड, मोठ्या नक्षीचे. पुढचे अजून वर्षभर जातील. आवाज त्यानंतरच ऐकू यायला लागला, आणि कारण सरळ आहे: नव्या टायरांनी गाडी इतकी शांत झाली की आतला जुना आजार बाहेर पडला. हे दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

निदान: मागचा डिफरन्शियल. शंभर टक्के. कान सांगतो.

काढलेले जुने टायर आईने अंगणात आडवे टाकून त्यात पुदिना लावलाय. लावू दे.

तारीख पक्की झाली. बायकोला वर डोंगरातल्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात कटरची नोकरी लागली. ३०ला हजर व्हायचंय, म्हणून २८ला निघायचं. तिची दोन शिलाई मशिनं, कापायचं टेबल, भांडीकुंडी, आई, आम्ही दोघं. सगळं माझ्या ट्रकने. चारही चाकांना ताकद, साडेतीनशे घोडे. तो घाट ह्याच ट्रकची वाट बघत बसलाय.

बायको म्हणाली, ट्रक चालू असेल तर ट्रकने, नसेल तर टेम्पोने. पण २८ला, सकाळी आठला. मी म्हटलं, टेम्पो हा शब्द ह्या घरात नको.

सत्तावीस दिवस. काम दोन दिवसांचं. उरलेल्या पंचवीस दिवसांत स्वतःचं वर्कशॉप वर त्या गावात कुठे टाकायचं ते ठरवणार. नोकरी सोडून चार महिने झाले, आता सुरुवात हवीच. व्हिजिटिंग कार्डं छापायला दिली: ऑल-व्हील-ड्राइव्ह स्पेशालिस्ट.

२ सप्टेंबर

आईने विचारलं, हे डिफरन्शियल म्हणजे काय रे.

समजावलं. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जावं लागतं, आतल्याला कमी. दोघांना आपापल्या वेगाने फिरू देणारा दात्यांचा गोळा म्हणजे डिफरन्शियल. आपल्या ट्रकला असे तीन. पुढच्या दोन चाकांत एक, मागच्या दोनांत एक, आणि पुढच्या-मागच्यांची समजूत काढायला मधे एक.

आई म्हणाली, म्हणजे मधला तो मी.

तिला विषय कळला नाही. पण ऐकते, हे महत्त्वाचं.

३ सप्टेंबर

दिवसभर व्हिडिओ. एकूण एकतीस. निवड करायची होती.

ओपन: रडका. जे चाक हवेत, त्यालाच सगळी ताकद देतो. आमच्या जुन्या साहेबांसारखा.
लिमिटेड स्लिप: समजूतदार, पण तेल वेगळं लागतं, नखरे फार.
लॉकिंग: दोन्ही चाकं एकत्र. मतभेद नाहीत. मर्दाचं काम.

बायकोला सांगितलं की लॉकिंगकडे माझा कल आहे. ती कुणाचा तरी पांढरा लग्नाचा ड्रेस टाचत होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, मग वळताना काय होणार?

मी म्हटलं, वळायचंच कशाला.

तिने टाचण्या परत तोंडात घातल्या.

४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

एक गोड गोष्ट. दात घासत खिडकीशी उभा होतो तर बायको अंगणात ट्रकपाशी उकिडवी बसलेली. गळ्यातली टेप काढून टायरभोवती लावत होती. पुढचा मोजला, मागचा मोजला, पुन्हा पुढचा मोजला.

ट्रकला कव्हर शिवतेय!

ऑक्टोबरात माझा वाढदिवस. सरप्राइज असणार. मी पटकन खिडकीतून बाजूला झालो.

ती गेल्यावर बघून आलो. शिवणाच्या खडूने आकडे लिहिलेत. पुढच्या टायरवर २३२, मागच्यावर २३९, आणि दोन्हीला ठसठशीत गोल. मागच्या बाजूला कव्हर जरा सैल ठेवणार असेल. कटरचा हात आहे, आपण काय बोलणार.

५ सप्टेंबर

जेवताना बायको म्हणाली, टायरवर खडूने लिहिलंय, बघितलंस का?

मी डोळा मारला. म्हटलं, बघितलं, बघितलं.

म्हणाली, मग?

म्हटलं, मग काय. सावकाश होऊ दे, घाई नाही.

तिने हातातला घास ताटात परत ठेवला. मग ताट उचलून गेली. लाजली.

७ सप्टेंबर

काम सुरू. ट्रकची मागची बाजू जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर ठेवली. घोड्या मागच्या गल्लीतल्या मिस्त्रीकडून आणल्या. म्हातारा म्हणाला, साहेब, उघडायच्या आधी गाडी इकडे आणा, एक चक्कर मारून बघतो. मी म्हटलं, चक्कर मारून निदान करायचे दिवस गेले. तो म्हणाला, बरं, घोड्या परत द्या म्हणजे झालं.

तेल सांडलं. थोडं. अंगणभर.

गिअर ऑइलचा वास म्हणजे सडक्या अंड्यात कुणी आगपेटी विझवावी तसा. मला आवडतो.

दुपारी गोळा बाहेर. दाते चकचकीत. एकही तुटलेला नाही, एकही झिजलेला नाही. हीच संशयाची जागा. इतकं चांगलं कुणी उगाच दिसत नाही.

८ सप्टेंबर

निर्णय: बदलायचा नाही, दुरुस्त करायचा. मोठं चक्र आणि छोटं चक्र ह्यांच्यातलं अंतर केसाएवढं सरकवायचं. त्याला पातळ पत्र्याच्या चकत्या लागतात, शिम म्हणतात. बाजारातल्या शिम घेणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचे कपडे घालणं. स्वतः कापणार.

पत्रा: बिस्किटांचा डबा. कात्री: घरात आहेच.

८ सप्टेंबर, दुपारी ४

कात्री प्रकरण.

बायकोची एक कात्री आहे. काळ्या मुठीची, जड. त्या कात्रीने ती आम्हाला कागदसुद्धा कापू देत नाही. मला वाटायचं ही अंधश्रद्धा आहे.

शिम मात्र सुंदर झाल्या. चार.

ती आली, शिम बघितल्या. रेशमाचा एक तुकडा घेतला, माझ्यासमोर कात्री चालवली. कापड कापलं गेलं नाही, चावलं गेलं. तुकडा आणि कात्री दोन्ही माझ्या वहीवर ठेवून ती आत गेली.

संकल्प: कात्रीला धार लावून आणणे. उद्याच.

९ सप्टेंबर

बेरिंग दांड्यावर बसेना. व्हिडिओत सांगितलंय, बेरिंग तापवा, फुगतं, आपोआप बसतं. ओव्हन घरात आहे. दोनशे डिग्री, वीस मिनिटं. बसलं. लोण्यासारखं बसलं!

कात्रीवाला आज बंद होता. असावा. गेलो नाही.

१० सप्टेंबर

ड्रेसवाली बाई आली. बायकोने घडी उलगडली. बाईने ड्रेस अंगाला लावला, मग नाकाला लावला.

तेलाचा वास ओव्हनमधून घरभर गेला होता म्हणे. मला तर काही येत नव्हता. बाई रडली. बायको तिला म्हणाली, दुसरा शिवून देते, तुमच्या तारखेच्या आत. बाई गेल्यावर मी म्हटलं, दोन धुण्यांत जाईल. आई म्हणाली, तू जरा अंगणात जा.

गेलो. नाहीतरी तिथे काम होतंच.

आई मागोमाग आली. म्हणाली, तुझे वडील सायकलचं पंक्चरसुद्धा स्वतः काढायचे नाहीत. म्हणून आमचा संसार झाला.

१२ सप्टेंबर, सकाळी ९.३०

जोडून झालं. तीन नट उरले. कंपनीवाले जास्तीचेच देतात.

चक्कर मारली. ऊंऊंऊं आहेच. सोबत आता टक-टक-टक.

म्हणजे प्रगती आहे. आवाज जागचा हलला.

१३ सप्टेंबर

काहीही लिहावंसं वाटत नाही.

१४ सप्टेंबर

वाटतंय. नवा निर्णय: बदलायचा. दुरुस्ती ही भित्र्यांची गोष्ट.

शहराबाहेर जुने पार्ट विकणाऱ्याकडे गेलो. मोठं पत्र्याचं छप्पर, खाली डिफरन्शियलच्या रांगा, कलिंगडं मांडावीत तशा. एक उचलला. लॉकिंग. रेस मारलेल्या ट्रकचा. त्याने हातात दिला तेव्हा अंगावर काटा आला.

तो म्हणाला, दात मोजून घ्या. मोठ्या चक्राचे किती, छोट्याचे किती. पुढच्याशी जुळले पाहिजेत.

मी म्हटलं, मी फीलवर जातो.

तो म्हणाला, जा.

माझा जुना बदल्यात ठेवून घेतला. बघून म्हणाला, ह्याला काय झालंय? मी म्हटलं, आवाज करतो. म्हणाला, हा? मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं. त्याने फडक्याने पुसून वेगळ्या फळीवर ठेवला. चांगल्या मालाच्या. मला हसू आलं.

१६ सप्टेंबर, दुपारी १

बसवला. ट्रकने पुढे उडीच मारली, मग स्वतःच स्वतःला मागे ओढलं. पुन्हा उडी. पुन्हा ओढ. गल्लीच्या कोपऱ्यावर वळवायला गेलो तर टायर किंचाळले, गाडी थरथरली आणि रस्त्याच्या मधोमध ठाम उभी राहिली. एखाद्या म्हाताऱ्याने जेवणार नाही म्हणावं तशी.

तेवढ्यात मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ. त्याची ती टिचभर कार माझ्या ट्रकमागे अडकली. काच खाली करून म्हणाला, भाऊजी, चालू आहे की पुतळा बसवलाय?

मी म्हटलं, टेस्टिंग.

१७ सप्टेंबर

नाइलाजाने मिस्त्रीला बोलावलं. सल्ल्यासाठी नाही, दुसरं मत म्हणून.

म्हाताऱ्याने खाली सरकून पुढचा शाफ्ट हाताने फिरवला, मोजलं. मागचा फिरवला, मोजलं. बाहेर आला, हात पुसले. म्हणाला, पुढे एक्केचाळीसला अकरा, मागे एक्केचाळीसला दहा. साहेब, पुढची चाकं म्हणतायत चल, मागची म्हणतायत थांब. ह्या भांडणात मधला मरतो.

दरवाज्यात उभी असलेली आई म्हणाली, बघ.

मिस्त्री म्हणाला, तुमचा जुना मागचा परत आणा, तो बसवून देतो.

परत? मी मागे जाणारा माणूस नाही. निर्णय: पुढचाही बदलायचा. पुढेही एक्केचाळीसला दहा. म्हणजे दोन्ही सारखे. उलट सुधारणाच झाली. ताकद जास्त.

बायको मशिनवर होती. नवा पांढरा ड्रेस. मी सांगितलं, दोन दिवस लागतील. तिने मान हलवली. पाय थांबला नाही.

कव्हरचं कापड अजून कुठे दिसलं नाही. लपवत असेल.

१९ सप्टेंबर

पार्टवाल्याकडे पुढचा घ्यायला गेलो. सहज विचारलं, माझा जुना कुठाय. गेला म्हणाला, त्याच दिवशी. घेणारा फोन करून आभार मानत होता, म्हणे लोण्यासारखा चालतो, आवाज म्हणून नाही.

बिचारा. कानाने कमी असणार.

२२ सप्टेंबर

पुढचा बसला. पाठ धरली. पोलादाच्या गोळ्याखाली तीन दिवस उताणा पडलो, आढ्याऐवजी ट्रकचं पोट बघत. एकदा बायकोची पावलं ट्रकपाशी येऊन थांबली. फक्त चपला दिसत होत्या. मी म्हटलं, बोल. ती म्हणाली, जेवायला ये. मी म्हटलं, हा एक नट. पावलं थोडा वेळ थांबली, मग गेली.

नट मिळाला नाही.

घरात खोकी वाढतायत. प्रत्येकावर तिच्या अक्षरात लिहिलंय आत काय आहे. धागे. बटणं. आईची औषधं. माझ्या कपड्यांचं खोकं अजून नाही. मी भरेनच.

२३ सप्टेंबर, सकाळी ८

चाचणी. ओढाताण बंद! उड्या बंद! वळणं मक्खन!

चाळीसला: ऊंऊंऊं.

२३ सप्टेंबर, सकाळी ८.२०

रस्त्याच्या कडेला थांबलोय. स्टिअरिंगवर डोकं ठेवलं तर हॉर्न वाजला. एक कुत्रं दचकलं.

पाच दिवस.

विचार कर. मागचा नाही. पुढचा नाही. मग उरला कोण?

मधला!

२४ सप्टेंबर

मधला उघडला. तेल काळं, जळक्या रबरासारखा वास, दाते निळे पडलेले. शिजलाय अक्षरशः. मी अंगणात ओरडलोच, सापडला! आई धावत आली, तिला वाटलं मला काही चावलं.

म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो. डिफरन्शियलच होता. फक्त कुठला, एवढाच प्रश्न होता.

मिस्त्री येऊन बघून गेला. म्हणाला, हा उगाच शिजत नाही. कुणीतरी सतत ओढलं ह्याला. आधी ते शोधा, नाहीतर नवाही शिजेल. मी म्हटलं, १६ तारखेची ती ओढाताण, तुम्हीच सांगितलंत. तो म्हणाला, एका दिवसात एवढा निळा होत नाही साहेब. महिन्याचं दुखणं आहे हे.

म्हातारी माणसं काहीतरी गूढ बोलतात आणि चहा पिऊन जातात.

मधला मागवला. २७ला दुपारी येणार. २७ संध्याकाळपर्यंत बसवतो, २८ला आठला निघतो. वेळापत्रकात बसतंय. ढिलाई शून्य.

२५ सप्टेंबर

बायकोने टेम्पो ठरवला.

मला आधी सांगितलं नाही. मी बोललोही. ती म्हणाली, सांगितलं होतं. एक तारखेला.

आवाज चढवला नाही. तिने आवाज चढवला असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

कात्री आठवली. उद्या नक्की.

२६ सप्टेंबर

कात्रीवाला म्हणाला, ही आता धार धरणार नाही. पातं सुटलंय. ह्याने पत्रा कुणी कापला?

मी म्हटलं, आमच्याकडे एक माणूस आला होता, त्याने.

२७ सप्टेंबर, दुपारी ३.१०

आला! खोक्यात, तेलकट कागदात गुंडाळलेला. लहान मूल घ्यावं तसा घेतला. मिस्त्रीला हातापाया पडून आणलं. दोघं मिळून बसवतोय.

संध्याकाळी ६.४०

बसला. मिस्त्री म्हणाला, चालवून बघू. मी म्हटलं, उद्या सकाळी, सगळ्यांसमोर. ड्रेसवाली बाईही येणार आहे तिचा नवा ड्रेस न्यायला. बघू दे तिलाही.

२८ सप्टेंबर, सकाळी ७.२०

निघतोय चाचणीला. पंधरा मिनिटं. मग सरळ सामान भरायचं. मेहुण्याला टेम्पो परत पाठवावा लागेल, वाईट वाटतंय त्याचं.

सकाळी ७.४५

चाळीस.

ऊंऊंऊं.

दुपारी १२

हे लिहून ठेवायला हवं, नाहीतर नंतर मी वेगळंच आठवेन.

परत आलो तेव्हा टेम्पो निम्मा भरला होता. मेहुणा आणि टेम्पोवाला टेबल चढवत होते. बायको दारात होती. म्हणाली, गेला का आवाज?

मी म्हटलं, पुष्कळ कमी झालाय.

मेहुणा दोरी बांधताना म्हणाला, भाऊजी, चार चाकांची ताकद राहू दे, जरा दोन पायांची लावा, ते मशिन उचला. उचललं.

मग ती जवळ आली. हळू म्हणाली, टेम्पोत पुढे ड्रायव्हरशेजारी तीन जागा आहेत. मी, आई आणि तू. भाऊ त्याच्या कारने येतोय मागून. चल.

मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. दोन तासांत आवाज काढतो आणि घाटात तुम्हाला गाठतो. टेम्पो घाटात धापा टाकणार, मी हॉर्न मारत पुढे जाईन, तू बघशील.

ती म्हणाली, नक्की?

मी म्हटलं, शंभर टक्के.

मग मला काय वाटलं कुणास ठाऊक, विचारलं, आणि कव्हर? ते वर जाऊन शिवणार का?

म्हणाली, कसलं कव्हर?

मी म्हटलं, ट्रकचं.

तिने एकदा ट्रककडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. काही बोलणार होती. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. तिने आत जाऊन लहान मशिनचं डोकं आणलं, चादरीत गुंडाळलेलं, आणि तिसऱ्या जागेवर ठेवलं. त्याला पट्टा लावला.

आई खिडकीतून म्हणाली, पुदिन्याला पाणी घाल. दोन्ही वेळा.

टेम्पोचा पाठीमागचा दिवा फुटका आहे. वळताना दिसलं.

२८ सप्टेंबर, दुपारी ४

घाटात पोचले असतील. मी ट्रकखाली आहे. काय शोधतोय ते आत्ता सांगता येणार नाही.

पाणी घातलं.

२९ सप्टेंबर, सकाळी १०

मिस्त्री घोड्या न्यायला आला. मी ट्रकच्या सावलीत बसलो होतो. त्यानेही बसकण मारली. मग मान वाकडी करून पुढच्या टायरकडे बघायला लागला. म्हणाला, हे कुणी लिहिलं?

खडू अजून होता. महिनाभरात गाडी जेमतेम चार चकरा फिरली, पुसणार कोण. २३२. गोल.

मी म्हटलं, बायकोने. कव्हरची मापं आहेत.

तो उठला. मागच्या टायरपाशी गेला. २३९. खिशातून सुतळी काढली. पुढच्या टायरभोवती फिरवली, गाठ मारली. तीच मागच्याला लावली. सुतळी पुरली नाही. चार बोटं कमी पडली.

म्हणाला, साहेब, मागचे टायर कधी घातले?

सांगितलं.

म्हणाला, आणि आवाज?

सांगितलं.

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो पुन्हा बसला आणि सुतळी बोटाला गुंडाळत राहिला. म्हणाला, मोठं चाक एका फेरीत जास्त जातं, लहान कमी जातं. दर फेरीला सात सेंटिमीटरचं भांडण. मिटवतो कोण? मधला. ओरडतो कोण? मधला. शिजतो कोण? तोच. तुमचा पहिला मागचा चांगला होता. पुढचाही चांगला होता. चारी टायर एका मापाचे हवेत, बस्स. वहिनींनी पहिल्याच आठवड्यात मोजून लिहून ठेवलंय.

मग म्हणाला, त्यांना कुणी शिकवलं हे?

मी म्हटलं, ती कपडे शिवते. दोन बाह्या सारख्या आहेत का, हे तिला आधी दिसतं.

हे मी म्हटलं. मीच.

२९ सप्टेंबर, दुपारी १

ही वही मागे वाचली. ४ सप्टेंबर. आकडे माझ्याच हाताने लिहिलेत. सुंदर अक्षर आहे.

५ सप्टेंबर. तिने विचारलं होतं, मग?

मी डोळा मारला होता.

दुपारी ३

जुने दोन टायर अंगणात आहेत. पुढच्यांच्याच मापाचे. त्यांत पुदिना.

कुदळीने काढला नाही, हाताने काढला. मुळं मातीसकट. बादलीत लावला.

३० सप्टेंबर, सकाळी ८

जुने टायर मागे चढवले. धुतले तरी मातीचा वास येतो.

चाळीस. साठ. ऐंशी. शंभर.

काही नाही. मोकळ्या रस्त्यावर खिडकीतला वारा, बाकी काही नाही. इतकी शांतता की दोनदा आरसा बघितला, गाडी मागे आहे ना.

सकाळी ९.१५

फोन केला. तिचा पहिला दिवस. मागून मशिनचे आवाज येत होते, पुष्कळ मशिनं.

म्हटलं, आवाज गेला.

म्हणाली, अरे वा. काय होतं?

म्हटलं, मधला. मधला डिफरन्शियल.

 मग म्हणाली, बरं. आणि पुदिना कशात ठेवलास?

मी बादलीकडे बघितलं.  तिकडे कुणीतरी तिला हाक मारली, तिने आले म्हणून सांगितलं.

म्हटलं, बादलीत.

म्हणाली, आईंना काळजी होती.

मी म्हटलं, तासाभरात निघतो. ट्रक एकदम मस्त झालाय, संध्याकाळपर्यंत वर.

म्हणाली, ट्रक नको. यायचं असेल तर बसने ये.

मी विचारलं, का?

म्हणाली, बसने ये. बादली घेऊन ये. आणि येताना एक कात्री बघ, काळ्या मुठीची. दुकानात स्वतः कापड कापून बघ, मगच घे.

१ ऑक्टोबर, सकाळी ७.०५

बस. शेवटची सीट. पायांपाशी बॅग, मांडीवर बादली, बॅगेत कात्री. कापड कापून बघितली. दोनदा. व्हिजिटिंग कार्डं घरीच राहिली.

ट्रक अंगणात आहे. चारही चाकं सारखी. उघडाच.

सुटली.

चाळीस असेल. मागून आवाज येतोय. ऊंऊंऊं. अगदी माझ्या सीटखालून. मागचा डिफरन्शियल, शंभर टक्के.

ड्रायव्हरला सांगायला उठलो. बादली सांडेल म्हणून परत बसलो.